हैबतबाबा आरफळकर आणि भक्तीचा हिशेब

आरफळ हे नाव तासगाव-पलूसकडच्या शेतकऱ्यास आज एका कालव्याचे म्हणून परिचयाचे आहे. त्याच नावाचे गाव सातारा तालुक्यात आहे, आणि त्या गावच्या एका शिपाईगड्याने महाराष्ट्रास जे देऊन ठेविले, त्याची थोरवी कालव्याच्या पाण्याहून रतिभरही कमी नाही. दरवर्षी ज्येष्ठ वद्य अष्टमीस श्रीज्ञानेश्वरमहाराजांच्या पादुका आळंदीहून पालखीत निघतात आणि आषाढ शुद्ध दशमीच्या सुमारास पंढरीस पोहोचतात. हा जो लाखो माणसांचा शिस्तबद्ध प्रवास आपण पाहतो, त्याची घडी ज्याने बसविली तो पुरुष म्हणजे हैबतराव पवार, ऊर्फ हैबतबाबा आरफळकर. नीरेपासून फलटणपर्यंत पालखीच्या वाटेवर दुकाने मांडणाऱ्या व्यापाऱ्यांपैकी, किंवा मिरज-सांगलीहून माउलींच्या अश्वांस निरोप देणाऱ्या नगरवासीयांपैकी, या पुरुषाचे चरित्र कितीजणांस ठाऊक असेल याविषयी आम्हांस शंका आहे. म्हणून आजचे हे स्थान आम्ही त्यास देत आहो.

साधुपुरुषांची चरित्रे सांगण्याची आपल्याकडे एक ठरावीक रीत पडून गेली आहे. संकट यावे, साधूने देवाचा धावा करावा, देवाने संकट निवारावे, आणि ऐकणाराने हात जोडून घरी जावे. हैबतबाबांच्या आयुष्यातही असा एक प्रसंग आहे आणि तो आम्ही सांगणारच आहो. तथापि आमच्या मते या चरित्राचे खरे मोल त्या प्रसंगानंतरच्या वर्षांत आहे. संकटात देवाची आठवण बहुतेकांस होते. संकट टळल्यावर त्या आठवणीची जबाबदारी जन्मभर वाहणारे थोडे, आणि ती शेकडो लोकांस मिळून वाहता यावी अशी व्यवस्था लावून जाणारे त्याहूनही थोडे. हैबतबाबा या शेवटल्या वर्गातले होते.

त्यांचा जन्म आरफळच्या पवार घराण्यातला. त्या काळी सातारा प्रांतातल्या कर्त्या मराठा तरुणास शेतीखेरीज दुसरा मार्ग म्हणजे शिपाईगिरी हाच होता, आणि शिपाईगिरीत नाव व पैसा मिळवावयाचा तर तो उत्तरेकडे. हैबतराव ग्वाल्हेरीस शिंद्यांच्या पदरी राहिले. दौलतराव शिंदे १७९४ साली गादीवर आले व १८२७ साली वारले. त्या दरबारी हैबतरावांनी सरदारकी मिळविली आणि बरीच माया जोडली. लष्करात राहणाऱ्या माणसास दोन सवयी आपोआप लागतात. एक, वेळेवर उठून वेळेवर कूच करण्याची. आणि दुसरी, आपल्या पाठीमागे किती माणसे, किती घोडी व किती सामान आहे याचा रोजचा हिशेब ठेवण्याची. पुढे या दोन्ही सवयींचा धर्मकार्यात कसा उपयोग झाला हे वाचकांस दिसून येईलच.

पुरेसे धन जोडल्यावर हैबतरावांनी गावी परतण्याचा बेत केला. ग्वाल्हेरीहून साताऱ्यास येणे म्हणजे नर्मदा उतरून, सातपुडा ओलांडून, खानदेशातून खाली यावयाचे. आज ही वाट आगगाडीने एखाद्या दिवसाची झाली आहे. त्या काळी ती महिन्यांची होती, आणि दिवसांपेक्षा भय अधिक होते. १८०२ साली होळकरांच्या फौजांनी खानदेश उजाड केला, पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ पडला. गावेच्या गावे ओस झाली व घाटवाटांवर कोणाचाही अंमल राहिला नाही. सातपुड्यातील भिल्लांस पूर्वी वाटांच्या रखवालीबद्दल जे हक्क मिळत असत, ते या धामधुमीत बुडाले. ज्यांनी वाटा राखावयाच्या तेच मग वाटा अडवू लागले. पुढे १८२५ साली कंपनी सरकारच्या औट्रम नामक अधिकाऱ्याने त्याच भिल्लांची पलटण उभारली, आणि ज्यांस लुटारू म्हणत त्यांच्याच हातून प्रांतात शांतता राखिली. माणसास हक्काची भाकरी व विश्वासाचे काम मिळाले म्हणजे तो कसा वागतो, याचे हे उदाहरण आहे. सबब पुढील प्रसंग वाचताना कोणा एका जातीस दोष देण्याचे कारण नाही.

सातपुड्याच्या अशाच एका वाटेवर भिल्लांच्या टोळीने हैबतराव व त्यांचे सोबती यांस गाठले, त्यांजवळील धन घेतले आणि सर्वांस एका गुहेत कोंडून गुहेच्या तोंडाशी धोंडा लाविला, अशी वारकरी परंपरेतली हकीगत आहे. तलवार गेली, पैसा गेला, हाताखालच्या माणसांवरचा हुकूमही त्या अंधारात निरुपयोगी झाला. सरदारकीची जेवढी म्हणून साधने होती तेवढी सारी गुहेबाहेर राहिली. आत काय उरले? लहानपणी सातारा प्रांतातल्या घराघरांत संध्याकाळी कानावर पडणारा ज्ञानेश्वरांचा हरिपाठ तेवढा उरला. हैबतरावांनी त्याचा पाठ आरंभिला, आणि सोबत्यांनी त्यात सूर मिळविला. रात्र कोणती व दिवस कोणता हेही न कळणाऱ्या त्या जागी अभंगांची आवर्तने हेच त्यांचे घड्याळ झाले. असे एकवीस दिवस गेले. एकविसाव्या दिवशी टोळीच्या नायकास पुत्र झाला. त्या आनंदात, आणि या बंदिवानांच्या अखंड नामस्मरणाचाच हा गुण अशा समजुतीने, त्याने धोंडा दूर करविला व घेतलेले धन परत देऊन सर्वांस वाटेस लाविले.

यात ईश्वराचा हात किती व योगायोग किती, हा वाद घालण्याची आमची इच्छा नाही. श्रद्धाळू वाचकाने आपल्या परीने अर्थ घ्यावा, चिकित्सक वाचकाने आपल्या परीने घ्यावा. मात्र दोघांनीही दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या. पहिली ही की, गुहेतली ती प्रार्थना एकट्याची नव्हती. एकाचा धीर खचला तर दुसऱ्याचा सूर त्यास उचलून धरी. उपाशी, भ्यालेल्या माणसांच्या जमावात एकमेकांवर संशय येणे, आपल्यापुरती सुटका साधावी असे वाटणे, हा मनुष्यस्वभाव आहे. त्यांस एकत्र ठेविले ते एका सामाईक कामाने. दुसरी गोष्ट ही की, सुटकेनंतर नायकाने धन परत केले. आता ते हैबतरावांचे होते, त्यावर कोणाचाही दावा नव्हता. ते घेऊन आरफळास जावे, वाडा बांधावा, देवास एक नैवेद्य दाखवून फेड झाली असे म्हणावे, तर जगाने त्यांस नाव ठेविले नसते. आपल्यापैकी बहुतेक हेच करितात. नवस बोलावा, काम झाल्यावर फेडावा, आणि खाते बंद करावे.

हैबतरावांनी खाते बंद केले नाही. परत मिळालेले आयुष्य आणि परत मिळालेले धन ही आपल्याजवळची ठेव आहे, तिचे मालक आपण नव्हे, असा निश्चय करून ते घरची वाट सोडून आळंदीस आले व तेथेच राहिले. रात्री शेजारती झाल्यावर ते समाधीपुढे उभे राहून पहाटेच्या काकडआरतीपर्यंत भजन करीत, असे परंपरा सांगते. शिपायाने पहारा सोडला नाही. फक्त कोणाच्या दारी पहारा द्यावयाचा ते बदलले.

येथवरची हकीगत एका भाविकाची झाली. पुढची आहे ती एका व्यवस्थापकाची, आणि ती आमच्या व्यापारी वाचकांनी विशेष लक्ष देऊन वाचावी.

पंढरीची पायी वारी ज्ञानेश्वरांच्याही पूर्वीपासून चालत आलेली आहे. तुकारामबोवांचे धाकटे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ साली तीस पालखीचे रूप दिले. देहूहून तुकोबांच्या पादुका घेऊन ते आळंदीस येत आणि ज्ञानेश्वरांच्या व तुकोबांच्या पादुका एकाच पालखीतून पंढरीस नेत. ही रीत सुमारे दीडशे वर्षे चालली. पुढे देहूकर मंडळीत हक्क व मानपान यांवरून तंटे उत्पन्न झाले आणि त्यांची झळ सोहळ्यास लागू लागली. तेव्हा १८३२ च्या सुमारास हैबतबाबांनी ज्ञानेश्वरांच्या पादुकांची पालखी आळंदीहून स्वतंत्र काढिली. तंटा वाढवून जिंकण्यापेक्षा निराळी वाट धरून काम चालू ठेवणे, हा त्यांनी काढलेला तोडगा होता. देहूची पालखी देहूच्या मार्गाने, आळंदीची आळंदीच्या मार्गाने, आणि दोहोंची भेट पंढरीच्या वेशीजवळ, असा क्रम मग रूढ झाला.

परंतु पालखी काढणे निराळे आणि ती अठरा-वीस दिवस, पावसापाण्यात, सुमारे अडीचशे किलोमीटर सुरक्षित नेणे निराळे. हैबतबाबांजवळ भक्ती होती आणि लष्करी अनुभवही होता, तथापि एकट्याच्या बळावर हे काम उभे राहणार नाही हे त्यांनी प्रथमच ओळखिले. त्यांनी वासकर, शेडगे, खंडोजीबाबा यांसारखी वारकरी संप्रदायातली वजनदार मंडळी सोबत घेतली. लवाजम्यासाठी त्यांनी अंकलीच्या शितोळे सरदारांकडे शब्द टाकला. हे अंकली मिरजेजवळचे नव्हे, तर बेळगाव जिल्ह्याच्या चिकोडी तालुक्यातले. शितोळ्यांनी घोडे, तंबू व नैवेद्याची तरतूद यांचा भार उचलिला आणि तो त्यांच्या वंशजांनी आजतागायत टाकिला नाही. दरवर्षी त्यांचे दोन अश्व अंकलीहून निघतात, मिरज, सांगलवाडी, पेठ नाका या मार्गाने कऱ्हाड प्रांतात शिरतात, साताऱ्यावरून भुईंजकडे जातात आणि सुमारे तीनशे किलोमीटर चालून प्रस्थानापूर्वी आळंदीस हजर होतात. एकावर स्वार बसतो, दुसरा माउलींचा म्हणून त्यावर कोणी बसत नाही. कृष्णाकाठच्या ज्या गावांतून हे अश्व जातात, तेथील लोक त्यांच्या पायांची धूळ कपाळी लावितात. आमच्या दृष्टीने त्या अश्वांत वंदनीय काही असेल तर हे की, सुमारे दोनशे वर्षांपूर्वी दिलेला एक शब्द दरवर्षी त्यांच्या पावलांनी पाळला जातो.

आता वाटेवरील शिस्त पाहू. पहाटे कर्णा तीनदा वाजतो. पहिल्यास सामान बांधावयाचे, दुसऱ्यास रांगेत उभे राहावयाचे, तिसऱ्यास पाऊल टाकावयाचे. ही सरळ सरळ छावणीतली रीत आहे. वारकऱ्यांच्या दिंड्यांस क्रमांक आहेत. रथापुढे सत्तावीस आणि मागे त्याहून कितीतरी अधिक. कोणी आपल्या जागेपुढे जावयाचे नाही व मागे रेंगाळावयाचे नाही. प्रत्येक दिंडीस एक विणेकरी, ठराविक टाळकरी व मृदंगी, आणि सर्वांवर दिंडीचा चालक. अन्नाचा खर्च वर्गणीतून. ज्याने गळ्यात तुळशीची माळ घातली त्याने चोरी, मद्य व परद्वार यांपासून दूर राहण्याचे वचन दिलेले असते, आणि ते तो मोडील तर पहिल्याने जाब विचारणारा त्याच्या शेजारी चालणारा वारकरीच असतो. घरी एकटा राहून पाळावयाचे व्रत माणूस गुपचूप मोडू शकतो. दिंडीत चालणाऱ्यास ती सोय नाही.

या साऱ्याचा कळस रात्रीच्या समाजआरतीत दिसतो. मुक्कामाच्या तळावर पालखी येते, तिच्याभोवती सर्व दिंड्या गोलाकार उभ्या राहतात. हजारो टाळ एकाच वेळी वाजत असतात. मग चोपदार आपला दंड उंच धरतो, आणि एका क्षणात सारे टाळ थांबतात. एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल, वाटेत कोणी तिच्या जागेत घुसले असेल, पाण्यावरून वा उतरण्याच्या जागेवरून अन्याय झाला असेल, तर ती दिंडी मात्र टाळ वाजवीत राहते. चोपदार तिच्याजवळ जातो, गाऱ्हाणे ऐकून घेतो, त्याची वाट लावतो, आणि तिचे टाळ थांबले म्हणजे पुढचे काम चालते. मग दिवसभरात कोणाचे काय हरवले व कोणास काय सापडले ते सर्वांसमक्ष पुकारले जाते. कोणाचे लुगडे, कोणाचा तांब्या, कोणाची पैशांची पिशवी. ज्याचे त्याने ओळख पटवून न्यावे. उद्याची निघण्याची वेळ सांगितली जाते. हे सारे आटोपल्यावर आरती होते.

या क्रमाकडे वाचकांनी नीट पाहावे. देवाची आरती शेवटी आहे. आधी तक्रारींचा निकाल, आधी सापडलेल्या वस्तूची परतफेड, आणि मग देवापुढे उभे राहणे. शेजाऱ्याशी हिशेब मिटल्यावाचून देवाशी बोलावयाचे नाही, हा धर्म जर कोणत्या ग्रंथात नुसता लिहून ठेविला असता तर त्यावर भाष्ये झाली असती आणि आचरण राहून गेले असते. येथे तो रोज संध्याकाळी, चिखलात उभे राहून, निरक्षर माणसांकडूनही पाळला जातो. ज्याचे स्वतःचे लुटलेले धन एकदा गुहेच्या दाराशी परत मिळाले होते, त्याने बसविलेल्या सोहळ्यात सापडलेली वस्तू परत करण्यास असे मानाचे स्थान असावे, हे आम्हांस फार शोभून दिसते.

नीरा ओलांडून पालखी सातारा जिल्ह्यात येते. लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम करीत, चांदोबाच्या लिंबाशी पहिले उभे रिंगण करून ती सोलापूरच्या हद्दीत शिरते. म्हणजे हैबतबाबांच्या मातृभूमीतून ती दरवर्षी जाते. ते स्वतः मात्र आळंदीचेच होऊन राहिले. १८३६ च्या सुमारास त्यांनी देह ठेविला. त्यांची समाधी कोठे आहे? ज्ञानेश्वरांच्या मंदिराच्या महाद्वाराशी, पायरीच्या ठिकाणी. पंढरीस नामदेवांनी जी जागा पत्करिली तीच यांनी आळंदीस पत्करिली. ज्याच्या नावाचा मान सोहळ्यात सर्वांत मोठा, त्याने सर्वांच्या पायांखालची जागा घ्यावी, यात आम्हांस नम्रतेइतकीच दक्षताही दिसते. दारातला पहारेकरी दारातच राहिला. कार्तिक वद्यात आळंदीचा समाधिसोहळा सुरू होतो तो याच पायरीच्या पूजनाने.

येथे चरित्र संपते. पण ज्याच्या नावे हिशेबाची थोरवी गाइली, त्याच्या वारशाचा हिशेब अपुरा ठेवणे आम्हांस शोभणार नाही. वारीच्या वाटेवर सर्व समान असे आपण अभिमानाने म्हणतो. परंतु इरावती कर्वे यांनी या वारीत पायी चालून जो लेख लिहिला व जो १९४९ च्या परिपूर्ती या संग्रहात आहे, त्यात एका वाटेने जाणारे, एकच नाम घेणारे लोक जातीजातीने वेगळे जेवतात हे पाहून त्यांस झालेली व्यथा नमूद आहे. ज्या पंढरीकडे या साऱ्या दिंड्या जात, तेथील मंदिराचे दार अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांस १९४७ पर्यंत बंद होते. साने गुरुजींनी त्या वर्षीच्या मे महिन्यात प्राण पणास लावून उपोषण केले तेव्हा ते उघडले. चोखामेळ्याचे अभंग म्हणत ज्या दिंड्या शतकानुशतके चालल्या, त्यांच्यातून चोखामेळ्याच्या भाईबंदांचे गाऱ्हाणे ऐकण्यास चोपदार इतकी वर्षे का गेला नाही? टाळ तर वाजतच होते. ज्या सोहळ्यात एका दिंडीची तक्रार निवारल्यावाचून आरती होत नाही, त्या सोहळ्याने एका समाजाची तक्रार ऐकल्यावाचून किती आरत्या केल्या, हे मनाशी मोजून पाहावे. यात हैबतबाबांच्या व्यवस्थेचा कमीपणा आम्ही सांगत नाही. तिचा नियम पुरता लाविला गेला नाही, एवढेच सांगतो.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळ जण पेढीवर बसणारे आहेत. पाडव्यास वहीपूजन करावयाचे आणि वर्षभराचे येणे-देणे डोळ्यांखालून घालावयाचे, हे त्यांस सांगावयास नको. तेच सद्गृहस्थ गावच्या देवस्थानाचे, उत्सवाचे वा धर्मशाळेचे पंच झाले म्हणजे मात्र देवाच्या पैशाचा हिशेब मागणे हा देवाचा अपमान आहे असे मानू लागतात, हा अनुभव नवा नाही. १९५० च्या कायद्याने सार्वजनिक विश्वस्त संस्थांस दरवर्षी हिशेब तपासून घेणे बंधनकारक केले, ते योग्यच झाले. परंतु कायद्याचा कागद चोपदाराच्या दंडाची जागा घेऊ शकत नाही. हिशेब तपासनिसापुढे ठेविला म्हणजे कायदा पाळला गेला. तो देणगी देणाऱ्या म्हातारीपुढे, सर्वांसमक्ष, तिला कळेल अशा भाषेत ठेविला म्हणजे धर्म पाळला गेला.

आणि ज्यांजवळ संस्था नाही, पेढी नाही, केवळ आपली एक कठीण वाट आहे, त्यांसही या चरित्रात सांगणे आहे. कोणास आजाराची वाट आहे, कोणास कर्जाची, कोणास परमुलखी गेलेल्या पोरांची. देवावर भार टाकावा, अवश्य टाकावा. पण तो एकट्याने अंधारात टाकून स्वस्थ बसू नये. हैबतबाबांनी गुहेतही सोबत्यांचा सूर घेतला आणि गुहेबाहेर आल्यावर जन्मभर सोबत्यांची रांग बांधली. आपण कोठे जात आहो, आज किती चाललो, कोणाचे काय आपल्याजवळ राहून गेले आहे, हे रोज संध्याकाळी विचारणारे एखादे माणूस प्रत्येकाने आपल्या वाटेवर जोडून घ्यावे, आणि त्याने विचारले असता रागावू नये.

यंदा आषाढात पालखी लोणंदच्या तळावर उतरेल, तेव्हा दर्शनास जाणाऱ्यांनी पादुकांवर डोके ठेवून लगेच परत फिरू नये, अशी आमची विनंती आहे. समाजआरतीपर्यंत थांबावे. टाळ थांबताना ऐकावे, आणि एखाद्या दिंडीचे टाळ थांबले नाहीत तर चोपदार तिकडे कसा चालत जातो ते पाहावे. मग घरी परत जाताना आपल्या दुकानी, आपल्या घरी, आपल्या गावी कोणाचे टाळ अजून वाजत आहेत, याकडे कान द्यावा.